उजवा हात राहिला

"हात सैल सोड गं. सैल," हुस्नबानू म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या ध्यानात आलं की हात सैलच आहे. फक्त तो थरथरत नाही.

हिरवी बांगडी तिच्या बोटांत तशीच राहिली. गेली सहा वर्षं, संक्रांतीला, पंचमीला, प्रेमलाचा हात तिच्या मांडीवर येत होता. उकळत्या भातावरचं झाकण थरथरावं तसा तो बारीक हलायचा. गुडघ्यांत धरून, गोंजारून तिला बांगडी चढवावी लागे. आज तो हात पाट्यासारखा स्थिर होता. आणि तापलेला.

"बगितलं का, बानू?" सोजरबाई दारातूनच म्हणाली. हातात पुरणाचं पातेलं, चेहऱ्यावर कौतुक. "सुनंचा हात कसा थांबलाय! पोटातल्या लेकराचा पायगुण म्हंत्यात समदी."

"हो का, वहिनी," हुस्नबानू म्हणाली.

धायरीच्या त्या घरात आज प्रेमलाचं डोहाळजेवण होतं. सातवा महिना. हुस्नबानू कसब्यातून पहिल्या बसनं बांगड्यांची टोपली घेऊन आली होती. अंगणात प्रेमलाचा नवरा श्याम झोपाळ्याला झेंडूच्या माळा बांधत होता.

"मावशी, कोपरापर्यंत भरा. नको, खांद्यापर्यंत!" प्रेमला बोलत सुटली होती. "मी ना, अठरा टोपडी शिवली. भिंतीवर मोर काढला, बघितलात? अख्ख्या गावाला बोलावणं केलंय मी, तुमच्या कसब्यालापण! पोटात बाळ आहे की बँडवाले आहेत कोण जाणे, सारखं वाजतंय. हसा की! तुम्ही हसत का नाही?"

दारातल्या दोघीतिघी खुदखुदल्या. "लई गोड बोलाय लागली," एक म्हणाली.

हुस्नबानूनं मोर पाहिला. ओसरीच्या भिंतीवर मोर नेटका बसला होता, पण पिसारा काही थांबला नव्हता. दाराच्या चौकटीवरून, खिडकीच्या गजांवरून, विजेच्या मीटरवरून तो निघाला तो निघालाच होता.

तिनं मान खाली घातली आणि दुसरी बांगडी घेतली. बांगडी चढवताना दुखू नये म्हणून ती नेहमी गुणगुणायची, तशी गुणगुणू लागली.

*हिरवा गं माझा चुडा, हाताशी बोलतो*
*लेकीच्या मनातलं, मनगटी तोलतो*

दुसऱ्याच ओळीला ती थांबली. तिला जब्बार आठवला.

जब्बार, तिचा नवरा, अत्तर विकायचा. कधी महिना महिना अंथरुणाला पाठ लावून पडायचा. कधी आठ आठ दिवस डोळा न मिटता साऱ्या पेठेला पुरून उरायचा. गोळ्या लागू पडल्या तसा संसार मार्गी लागला. पण हात थरथरू लागला, आणि कुपीत ओतताना अत्तराचा थेंब बाहेर सांडू लागला. त्याला त्याची फार लाज वाटे. मग एके दिवशी थेंब सांडला नाही. गोळ्या त्यानं गुपचूप सोडल्या होत्या, हे तिला कुठं ठाऊक? तिनं शेवयांची खीर केली, शेजारीपाजारी वाटली. पंधरा दिवसांनी भर दुपारी जब्बार पुराच्या पाण्यात उतरला, पलीकडे नवं दुकान बघून येतो म्हणाला. हसत हसत उतरला, असं पुलावरचे लोक सांगत.

त्या खिरीची चव अजून तिच्या जिभेवरून गेली नव्हती.

"बाळ," तिनं हळूच विचारलं, "तुझ्या गोळ्या चालू आहेत ना?"

"त्या? सासूबाईंनी बंद केल्या. तीन आठवडे झाले. अंगावरची ओली गोधडी काढल्यासारखं वाटतंय मला!"

"आणि झोप?"

"झोपले तर बाळाशी बोलणार कोण?"

डावा हात भरून झाला. हुस्नबानूनं सोजरबाईला बाजूला घेतलं.

"वहिनी, गोळ्या का थांबवल्या?"

"मग काय! पोटुशी बाईनं डोस्क्याच्या गोळ्या खायच्या व्हय? नातवाला काय झालं तर?"

"डॉक्टरांना विचारलं?"

"त्यो दर म्हैन्याला रगत काढतो न् गोळ्या लिवतो. ल्येकरू त्याचं हाय का?"

"वहिनी, ती थरथर दुखण्याची नव्हती हो. गोळीची होती. दुखणं आवरलेलं होतं, म्हणून हात थरथरत होता. आता ते मोकळं सुटलंय. आजच्या आज न्या तिला."

सोजरबाईचा चेहरा ताठ झाला. "तुला बांगड्या भराय बोलावलंय, बानू. नाडी बगाय न्हाय. शुभ दिवस हाय, जरा तोंड सांभाळ. आन् तू सोता..." तिची नजर हुस्नबानूच्या उघड्या मनगटांवर गेली. पुढचं तिनं गिळलं.

ओसरीवर येऊन हुस्नबानूनं बांगड्यांच्या दोऱ्या टोपलीत ठेवल्या, वर फडकं टाकलं.

"मावशी, उजवा राहिला!"

"राहू दे. डॉक्टरांकडून आलीस की भरते."

एका हातात चुडा आणि दुसरा हात उघडा, अशी कुठली बाई डोहाळजेवणाला पाटावर बसेल?

"दुसरी बांगडीवाली हाय म्हनलं गावात!" सोजरबाई कडाडली.

"बोलवा, वहिनी." फडक्याची गाठ काही बसेना.

प्रेमला आपल्या उघड्या हाताकडे बघत राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच ती गप्प होती.

"मावशी, मला थांबताच येत नाहीये," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "हसते, पण आतून भीती वाटते. काल मी विहिरीच्या कठड्यावर चढले होते. बाळाला पाणी दाखवायला."

अंगणात श्यामच्या हातातली माळ सुटली.

"आई, मी रिक्षा आणतो."

"आरं, बाया यायच्या हायत..."

"येतील. पुरणपोळी खाऊन जातील. त्यांचं काय अडतंय?"

सोजरबाई चौकटीला टेकून खाली बसली. थोड्या वेळानं उठून आत गेली आणि ज्वारीच्या कोठीत हात खुपसून एक पुडकं घेऊन आली. गोळ्यांची पाकिटं होती, पिठूळ झालेली.

"टाकल्या न्हाईत म्या," ती कुणाकडे न बघता म्हणाली. "टाकवल्या न्हाईत."

महिन्याभरानं सासूसुना दोघी हुस्नबानूच्या कसब्यातल्या दुकानात आल्या. प्रेमला दहा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती, एक कमी केली होती. रक्त आता दर आठवड्याला तपासत होते. ती जपून, सावकाश बोलत होती. चेहरा उतरला होता. मोराचं विचारलं तर म्हणाली, "आहे अजून. हे पुसू देत नाहीत."

"दुसऱ्या कुनाकडनं भरनार न्हाय म्हनली," सोजरबाई म्हणाली. "एकच हात भरून म्हैनाभर फिरतीया. म्या म्हनलं, चल बाई."

हुस्नबानूनं उजवा हात मांडीवर घेतला. तो थरथरत होता. तिनं तो गुडघ्यांत धरला, गोंजारला आणि एकेक बांगडी चढवली. डाव्या हातातल्या दोन वाढल्या होत्या, त्यांच्या जागी नव्या भरल्या.

प्रेमलानं वाकून नमस्कार केला आणि दोन्ही हात पोटावर ठेवून ती भिंतीला टेकली. दमली होती. हात जागचे हलत नव्हते, तरी बांगड्या किणकिणत होत्या, अगदी बारीक.

रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. ती लांब जाईपर्यंत सोजरबाई कान देऊन थांबली. मग बांगड्यांची किणकिण पुन्हा ऐकू आली, तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि सुनेच्या शेजारी टेकून बसली.