आतल्या स्प्रिंगा

अश्फाकनं बोटाएवढी स्प्रिंग ताण मोजायच्या यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये उभी धरली आणि दांडा खाली ओढला. काटा सरकला, थांबला. त्यानं नाक मुरडून ती स्प्रिंग डावीकडच्या ढिगात टाकली.

“ही बी दमली.”

“नवी हाय की.”

“नवी असली म्हणून काय झालं? काही जल्मताच दमल्याल्या असत्यात.”

तेलाच्या पालथ्या डब्यावर बसलेल्या जयराजला हसू आलं नाही. तो सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाला होता, आणि सगळी नोकरी त्यानं गाड्या दुरुस्त करण्यात घालवली होती. लिलावात घेतलेल्या जुन्या जिप्सीचं इंजिन त्यानं स्वतः उभं केलं होतं. रविवारी म्हसवडच्या माळावर शर्यत होती आणि गाडी त्याची मुलगी अंकिता चालवणार होती. फक्त इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, त्यानं अश्फाकवर सोपवलं होतं, कारण शिराळ्यापासून कराडपर्यंत हेडचं काम अश्फाकसारखं कुणी करत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

इंजिन मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर पळवायचं म्हणजे सगळी मदार व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर. स्प्रिंग मऊ पडली की व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाही, वर येणारा पिस्टन त्याला धडकतो आणि खेळ खलास. फार कडक घेतली तर व्हॉल्व्ह ढकलणारा कॅमच झिजून जातो. म्हणून अश्फाकनं जोडी निवडली होती. बाहेर एक मध्यम स्प्रिंग, आणि तिच्या पोटात एक बारीक. नवा कॅम रुळेपर्यंत इंजिन नुसत्या बाहेरच्या स्प्रिंगांवर हळू फिरवायचं, मग हेड उतरवून आतल्या घालायच्या, ही त्याची पद्धत. काल इंजिन तसं फिरवून झालं होतं. आज आतल्या स्प्रिंगा निवडायचं काम चाललं होतं, आणि अश्फाकचा खांदा सकाळपासून दांडा ओढून भरून आला होता.

अश्फाकच्या गॅरेजच्या दारातून समोरच्या एस.टी. स्टँडवरचा फ्लेक्स दिसत होता. काखेत हेल्मेट घेतलेली अंकिता, वर ‘म्हसवड गाजवणार आपली वाघीण’, आणि भोवती शुभेच्छुकांचे एवढे चेहरे की वाघिणीला शोधून काढावं लागत होतं.

“अश्फाकभाई,” जयराज म्हणाला, “आतल्या ऱ्हाऊ द्या.”

अश्फाकचा हात दांड्यावरच थांबला.

“म्हंजे?”

“घालूच नगा. हेड बसवा आन् गाडी द्या. तिला बोलू नगा.”

“हवालदार, सहा हजाराच्या वर गेली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळंल.”

“ठावं हाय मला.” जयराज जमिनीकडं बघत होता. “पयल्याच फेरीत इंजिन बसंल. गाडी हुभी ऱ्हाईल. पोरगी चालत माघारी येईल.”

गेल्या वर्षीच्या शर्यतीतून पोरगी चालत आली नव्हती. गाडी उलटी होऊन चाकं आभाळाकडं फिरत होती आणि प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीच्या अलीकडं जयराज हातात चहाचा थर्मास घेऊन उभा होता. खांद्याचं हाड मोडलं, तेवढ्यावर भागलं. हाड जुळलं, पण जयराजला तेव्हापासून धड झोप नव्हती. चाकं फिरायची थांबत नसत.

“मग जाऊ नगं म्हणून सांगा की तिला.”

“कुठल्या तोंडानं? उसाच्या रानात ट्रॅक्टरवर मीच बसवली तिला. पोरगी कशी गाडी मारती म्हणून गावभर मीच सांगत सुटलो. आता बाप भ्याला म्हणून सांगू?”

“आन् वळणावरच इंजिन आवळलं तर? चाकं जाम झाली तर काय करशिला?”

हा प्रश्नही जयराजच्या उशाशी बसलेलाच होता.

अश्फाकला राग यायला हवा होता, पण रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. निवडलेल्या स्प्रिंगा त्यानं एका स्टीलच्या वाटीत भरल्या आणि वाटी हेडशेजारी ठेवली.

“असलं काम माझ्या हातनं व्हनार न्हाई. मी नमाज पढून, घरी जाऊन येतो. ह्या स्प्रिंगा, ह्यो त्या दाबायचा क्लॅम्प. काय करायचं ते करा, पर आल्यावर मी बघनार.”

हात धुऊन तो गेला. जयराजनं एक स्प्रिंग उचलली, चिमटीत दाबली, पुन्हा वाटीत टाकली. असं किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. अंकिता ऑइलचा कॅन घेऊन आत आली तेव्हाही त्याच्या चिमटीत स्प्रिंग होतीच. कॅन तिनं डाव्या हातात धरला होता. उजव्या हातानं जड उचलायचं ती अजून टाळत असे.

“चाचा कुठायत?”

“नमाजाला.”

“मला त्यांच्याशीच जरा बोलायचं होतं.”

ती समोर बसली. वाटीतली एक स्प्रिंग घेऊन तळहातावर फिरवत राहिली. नजर दारातून बाहेर फ्लेक्सवर होती.

“पप्पा, ह्या न घालता गाडी नेली तर कुठवर जाईल?”

जयराजनं चमकून तिच्याकडं बघितलं. अश्फाक काही बोलला की काय? पण ती तर त्यालाच शोधत आली होती.

“पयल्या फेरीपातूर,” तो सावकाश म्हणाला.

“तेवढी बास. गाडीच बंद पडली तर कोण काय म्हणणार न्हाई. मला न्हाई, तुमालाबी न्हाई.”

“भ्या वाटतंय व्हय गं?”

“हेल्मेट घातलं की गाडी उलटलेलीच दिसती.” तिचा आवाज अगदी साधा होता, नुसता थकलेला. “तुमी एवढा जीव लावून इंजिन बांधताय. सांगायचं कसं?”

जयराजला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. आपल्या कौतुकापायी पोरीनं वर्षभर हे गिळलं होतं. त्यानं टोपी काढून तोंड पुसलं, क्लॅम्प उचलला आणि पहिल्या व्हॉल्व्हवर लावला.

“मगाशी मी बी अश्फाकभाईला हेच सांगत हुतो,” तो मान वर न करता म्हणाला.

अंकिताला हसू फुटलं आणि ते आवरता आवरेना. हसून झाल्यावर तिनं ओढणीनं डोळे टिपले.

“ये हिकडं,” जयराज म्हणाला. “हेड धर.”

“आता कशाला? जायचंच न्हाई तर?”

“इंजिनानं काय गुन्हा केलाय? त्याला नीट बांधू. जायचं न्हाई तर आपल्या तोंडानं सांगू.”

“तुमी सांगशिला?”

“दोघं सांगू.”

तिनं डाव्या हातानं हेड दाबून धरलं. तो बाहेरची स्प्रिंग काढायचा, ती तिच्या पोटात बारीक बसवायची, तो पुन्हा दाबून त्यांना धरून ठेवणारं लॉक लावायचा. एक लॉक उडून कपाटाखाली गेलं आणि दोघांनी गुडघ्यावर बसून ते शोधलं. वाटी रिकामी झाली तेव्हा उन्हं स्टँडच्या पत्र्यावरून खाली उतरली होती.

अश्फाक परतला. काही न विचारता त्यानं हेड उजेडाकडं फिरवलं आणि एकेका स्प्रिंगच्या आत वाकून बघितलं. मग खांदा चोळत खुर्चीत टेकला.

“झकास बसल्यात,” तो म्हणाला. “रविवारी किती वाजता निघायचं?”

बापलेकींनी एकमेकांकडं बघितलं. जयराजनं बोळ्याला हात पुसले आणि दारात जाऊन उभा राहिला.

“अश्फाकभाई, तुमच्याकडं शिडी हाय का वं?”

“शिडी? कशाला?”

“त्यो फ्लेक्स लय उंच बांधलाय.”