पोडियमच्या आडून बाहेर

मी एक जुना सागवानी पोडियम आहे. मित्रांनो, भाषण करणारे ज्याच्यावर कागद ठेवतात आणि ज्याला घट्ट धरून उभे राहतात, तोच मी. ग्रंथालयाच्या समितीला भारदस्त माणसे बोलवायची होती, म्हणून सुताराने मलाही उंच नि भारदस्त केले. माणसे आली, बोलली, माझ्यावर पेल्यांचे डाग ठेवून गेली. चाळीस वर्षे मी वक्त्यांची पोटेच तेवढी पाहिली. तरी माझ्याशिवाय सभा होत नाही, या गुर्मीत होतो.

पुढे भाषणे आटली. पायाला वाळवी लागली आणि ग्रंथपाल माझ्या पोटात जुने फलक कोंबू लागले. मग दर महिन्याला कवितावाचन सुरू झाले नि माझे दिवस पालटले. कवी तर मला फारच बिलगायचे. कागदात डोके घालायचे, ते कविता संपल्यावरच वर काढायचे.

एका संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात काम करणारी मुलगी आईला घेऊन आली. आईचे कान छापखान्यातल्या यंत्रांनी केव्हाच नेले होते. ती ओठांवरून बोलणे ओळखायची आणि स्वतः मात्र खणखणीत बोलायची. कविता तिच्यावरच होती. घरी वाचायला दिली, तेव्हा "अक्षर बारीक आहे" एवढेच म्हणून आईने कागद परत केला होता. मुलीने हे ग्रंथपालांना आधीच सांगितले होते. आज कविता आईपर्यंत पोचली नाही, तर मुलगी ती पुन्हा म्हणणार नव्हती.

दोन ओळी होतात न होतात, तोच आई म्हणाली, "अगं, त्या लाकडामागून बाहेर ये. तोंड दिसत नाही तुझं."

मला लागले, खोटे कशाला बोलू? ग्रंथपालांनी मला भिंतीशी सरकवले. कागद माझ्यावरच राहिला, पण तिथून मला पहिल्यांदाच बोलणाऱ्याचा चेहरा दिसला. शब्द तेच होते. पण यंत्राला कागद भरवणारे आईचे हात आता मुलीच्या हातांत दिसू लागले. शाळेच्या फाटकातून आईने मारलेली हाक तिने तशीच खणखणीत मारली. कवितेत त्या हाकेला मैत्रिणी हसल्या आणि ही त्यांना म्हणाली, 'ती आमच्या शेजारची बाई आहे.'

इथे ती थांबली. कागदावर या जागी नुसता पूर्णविराम होता. कविता संपली असे समजून पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. ग्रंथपालांनी हातानेच त्यांना थांबवले.

आई आपल्या मते हळूच बोलली, पण साऱ्या सभागृहाने ऐकले. "मला तेव्हाच कळलं होतं गं. पुढे म्हण."

आणि मुलगी पुढे म्हणाली. मी लाकडाचा, पण मलाही भरून आले.

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, वाळवीचे औषध लावा, माझी हरकत नाही. पण कुणी कविता म्हणायला उभे राहिले, की मला खुशाल बाजूला सारा आणि म्हणणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो मध्येच थांबला, तर टाळ्यांची घाई करू नका. कविता तेव्हाही चालूच असते.