तिसावी खुंटी

मी एक जुना फळा आहे. माझ्यावर खडू कधी फिरला नाही. माझ्या अंगावर साठ खुंट्या आहेत, आणि मित्रांनो, एके काळी प्रत्येक खुंटीवर एकेका वैमानिकाच्या नावाची पितळी पट्टी लटकत असे.

एका लहानशा विमान कंपनीत, वैमानिकांच्या चहाच्या खोलीत, सुताराने मला भिंतीवर ठोकले. नोकरीत आधी आलेल्याची पट्टी वर, नंतर आलेल्याची खाली. तिसाव्या खुंटीखाली लाल रेघ होती. रेघेच्या वर कॅप्टन, खाली सहवैमानिक. कोणी निवृत्त झाला की तो स्वतःच्या हाताने आपली पट्टी काढून घेई आणि खालचे सगळे एकेक खुंटी वर सरकत. दर शनिवारी कारकूनकाका मला फडक्याने पुसत, माझ्यावरचा क्रम कागदावर उतरवत आणि तो कागद मोठ्या कचेरीत पाठवत. त्या कागदाकडे कोणाचेच लक्ष नसे. सगळे माझ्याकडे पाहत. मलाही त्याचा थोडा ताठा होता.

माझ्या पहिल्या खुंटीवर होते नाना. एकतिसाव्या खुंटीवर, रेघेच्या अगदी खाली, धाकटी. ती नवीन आली तेव्हा तिला हे नाव पडले, आणि अकरा वर्षांनी केस पिकायला लागले तरी ते सुटले नाही. कॅप्टनच्या सगळ्या परीक्षा ती पास झाली होती. वरची एक जागा रिकामी व्हायची, एवढेच बाकी होते. नाना तिला चिडवत, "तुझ्यासाठी किती भराभर म्हातारा होतोय बघ मी."

मग बातमी आली की आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होणार. दोन्ही कंपन्यांची विमाने त्याच त्या गावांना जात, म्हणजे आता निम्मी विमाने पुरणार होती. नियम साधा होता. विलीनीकरणाच्या दिवशी जो कॅप्टन असेल, तो कॅप्टन राहील. सहवैमानिकांची मात्र एकच यादी होईल आणि खालचे निम्मे घरी जातील. त्या कंपनीतले सहवैमानिक जुने होते. त्यांच्यात धाकटी पार तळाला जाणार होती. खोलीतल्या गप्पा आटल्या. कपात चहा तसाच राहू लागला.

नानांच्या निवृत्तीला पाच आठवडे होते आणि विलीनीकरणाला बारा दिवस. शेवटच्या उड्डाणाला नातीला पहिल्या रांगेत बसवायचे, असे त्यांनी वर्षभर ठरवून ठेवले होते. एका सोमवारी दुपारी ते आले, त्यांनी आपली पट्टी काढून खिशात घातली आणि म्हणाले, "सरका रे वर."

सगळे सरकले. धाकटीने तिसाव्या खुंटीवर आपली पट्टी अडकवली. तिने तिथूनच आईला फोन लावला.

मित्रांनो, चूक इथेच झाली. कारकूनकाकांची आदल्याच आठवड्यात सामानाच्या खिडकीवर बदली झाली होती. शनिवार आला आणि गेला. माझ्यावरचा क्रम कोणी उतरवून घेतला नाही. नानांना वेगळा अर्ज द्यायचे सुचले नाही, कारण आमच्याकडे पट्टी काढणे हाच अर्ज होता. आणि माझ्यावर दिसते आहे म्हणजे ते झाले, असे सगळे धरून चालले. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो.

विलीनीकरणाच्या दिवशी नवी यादी लागली. त्यात नाना कॅप्टन होते, आणि धाकटी सहवैमानिक होती, घरी जाणाऱ्यांत. नाना धावत कचेरीत गेले, भांडले, हात जोडले. तारीख उलटली होती.

संध्याकाळी धाकटी पट्टी काढायला आली. नाना खुर्चीत बसून होते.

"माझं चुकलं गं," ते म्हणाले. "जागा सोडली आणि घरी जाऊन निवांत झोपलो."

तिने पट्टीवरची धूळ पुसली. मग म्हणाली, "बारा दिवस आई मला कॅप्टन म्हणून हाक मारतेय, नाना. तिला आता कोण सांगणार?"

नाना गुडघ्यावर हात टेकून उठले. "मी येतो."

दोघे गेले. दिवा कोणी मालवला नाही.

नव्या कंपनीत नावे पडद्यावर दिसतात. मी आता सामानाच्या कोठीत, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. फार थकलो आहे. खुंट्यांवर काही नाही, म्हणून मी हलका झालो असेन असे लोकांना वाटते.

एक सांगून ठेवतो, मित्रांनो. जुन्या वस्तूंवर प्रेम करा, पण सगळा भरवसा त्यांच्यावर टाकू नका. आणि कधी कोणासाठी आपली जागा सोडलीत, तर लगेच पाठ फिरवू नका. ती त्याला मिळाली का, एवढे पाहून मग घरी जा.