तळाला बसलेलं औषध

भाऊजींचं औषधाचं दुकान घरचंच, म्हणून बबडीचं फिटचं औषध तेच बनवायचे. तीन वर्षांच्या पोरीला गोळी गिळता येत नाही. मग गोळ्या खलात कुटून, घट्ट पाकात कालवून बाटली भरायची. मी दर वेळी बाटली हलवून, मापून पाजायचे. तरी फिट परत यायला लागल्या आणि सगळ्यांनी मला धारेवर धरलं. सासूबाई म्हणाल्या, आईचंच लक्ष नाही. डोस चुकतात का, असं डॉक्टरांनीही मलाच विचारलं आणि उद्यापासून डोस वाढवायला सांगितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पण एक गोष्ट खटकत होती. एरवी औषध बघून तोंड वाकडं करणारी बबडी या बाटलीचा चमचा चाटूनपुसून घेत होती. शेवटी मी चाखून पाहिलं. नुसतं साखरेचं पाणी. बाटली उजेडात धरली, तर तळाशी पांढरा थर, कितीही हलवा, ढिम्म.

बाटली घेऊन तशीच तडक दुकानात गेले. गल्ल्याशेजारी सासूबाई बसल्या होत्या. भाऊजींना तळ दाखवला, तर औषध हलवून द्यायचं असतं, एवढंही कळत नाही का, असं त्यांनी मलाच ऐकवलं.

"मग हलवा ना, भाऊजी."

त्यांनी हलवली. मग घाम फुटेस्तोवर हलवली. थर जागचा सरकला नाही. पाक घट्ट असता तर भुकटी अशी तळाला जाऊन चिकटली नसती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"घट्ट पाक बाटलीत भरायला फार वेळ लागतो, म्हणून थोडं पाणी घातलं होतं," ते पुटपुटले.

थोडं म्हणे. त्या थोड्यापायी माझी पोर जमिनीवर तडफडली आणि आई म्हणून माझी लाज निघाली. मी काडीने तळाचा थर खरवडून सासूबाईंच्या हातावर ठेवला. त्यांनी जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

"बाटली संपताना हा गोळा सुटला असता आणि सगळा एकदम तिच्या पोटात गेला असता," मी म्हटलं.

सासूबाईंचा चेहरा उतरला. तरी त्या म्हणाल्याच, घरातली गोष्ट घरातच राहू दे.

"असं पाणी घातलेल्या बाटल्या आणखी कुणाच्या पोरांना दिल्यात, भाऊजी?"

भाऊजींनी गल्ल्यावरची गिऱ्हाइकांची वही हळूच मागे सरकवली. मी फोन उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

"एकेकाच्या घरी फोन लावा. मी इथेच बसलेय."