खंडेनवमीला बंद केलेला लॅपटॉप

तेजस्विनीनं कापसाची काडी की-बोर्डच्या फटीतून फिरवली. काडीला हळद लागली, कोरडी. तिनं पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला आणि काळ्यावर पांढरी तीच ओळ उमटली: सिस्टिम सुरू करायला डिस्क सापडत नाही.

परवा खंडेनवमी होती. घरातली कामाची हत्यारं त्या दिवशी पाटावर मांडायची, पुजायची आणि हात लावायचा नाही. सासऱ्यांचे जुने पाने, नवऱ्याचा, अजिंक्यचा, मापं घ्यायचा व्हर्नियर, विळी; आणि या वर्षी मधोमध सुनेचा लॅपटॉप. "पोटाला देणारं हत्यार हाय," म्हणत सासूबाईंनी, अंबुबाईंनी, त्याला झेंडूही वाहिला होता. कालचा दसरा पाहुण्यांत गेला. आज सकाळी उघडला तर हे.

आत एका फिक्श्चरचं, मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्याचं, ड्रॉइंग होतं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलंच काम. "घरून जमतंय का, या एका ड्रॉइंगवर बघू," चाकणच्या कंपनीतून ज्ञानेश सर म्हणाले होते. आज चारला ते त्यांना हवं होतं. नाही मिळालं, तर काळेवाडी ते चाकण रोजची फेरी, नाहीतर राजीनामा. आणि आयुष अजून अंगावर पीत होता. ड्रॉइंगची दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

सकाळी तिनं सासूबाईंना एवढंच विचारलं होतं, "आई, पूजेत पाणी किती शिंपडलंत?"

"फुलानं गं. दोन थेंब."

तेव्हापासून अंबुबाई आयुषला खांद्यावर टाकून गॅलरीतच होत्या. रडला की आणून द्यायच्या, प्यायला की घेऊन जायच्या.

कंपनीत कॉम्प्युटर बघणाऱ्या समाधानचा फोन दुपारी लागला.

"मॅडम, घाबरू नका. चालू करताना एफ-टू दाबत राहा. निळं पान आलं?"

"आलं."

"त्यात डिस्कचं नाव दिसतंय का बघा."

तिनं बोट लावून एकेक ओळ वाचली. "दिसतंय. दिसतंय रे!"

"मग डिस्क जिवंत आहे. पाणीबिणी काही नाही गेलेलं. बाजूला काही टोचलंय का? माउस, पेनड्राइव्ह?"

"काही नाही."

"हात लावून बघा ना, राव. काही लॅपटॉप सुरू होताना आधी तिकडंच बघतात. तिथं काही असलं, की आतली डिस्क विचारतच नाहीत."

तिनं डाव्या कडेवरून बोट फिरवलं. नखाएवढं काहीतरी हाताला लागलं, काळ्यात काळं. आयुषचे फोटो धुऊन आणायचे म्हणून तिनंच लावलेला पेनड्राइव्ह. तेवढ्यात आयुष रडत उठला आणि हे राहूनच गेलं.

"पेनड्राइव्ह आहे. पण तो लावूनही लॅपटॉप गेला आठवडाभर तर नीट चालू होता."

"बंद केला होतात कधी? पूर्ण?"

तिला वेळ कुठं होता? झाकण मिटायचं, उघडायचं. पूर्ण बंद केला तो फक्त परवा, पाटावर ठेवायचा म्हणून.

पेनड्राइव्ह उपसला, बटण दाबलं. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग पडद्यावर आयुषचं बोळकं हसलं. ड्रॉइंग जागच्या जागी होतं. तिनं ते आधी सरांना पाठवलं, मग ओढणीनं डोळे पुसले.

गॅलरीच्या दारात जाऊन ती म्हणाली, "आई, पाण्याचं काही नव्हतं. माझाच पेनड्राइव्ह राहिला होता आत. मी उगाच तुम्हाला..."

अंबुबाईंनी तिला पुढं बोलू दिलं नाही. "सुरू झालं न्हवं?"

"झालं. पाठवलंसुद्धा."

"बरं झालं बाई." त्यांनी झोपलेल्या आयुषला अलगद तिच्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकत उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला पाठ लावून बसल्या. "मग आता वाढ मला."

तेजस्विनीनं बाळाला एका हातावर घेत दुरडीवरचं फडकं उचललं. सकाळच्या भाकरी तशाच होत्या. तिनं घाईनं आमटीचं पातेलं गॅसवर चढवलं.

"कशाला तापवतीस? गारच दे," अंबुबाई म्हणाल्या. "लई भूक लागलीया."