मरळीच्या कोपऱ्यातले चार खुंटे

रुखमाबाईची चूक एवढीच की साहेबांनी विचारल्यावर तिनं खरं सांगितलं. सावली गावाजवळच्या त्यांच्या बोडीत, धानाला पाणी देणाऱ्या त्या लहानशा तलावात, बेशरमीची झुडपं कुठंकुठं शिरलीत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. उगवतीच्या कोपऱ्यात मऊ पाणगवत होतं. मरळ मासळी तिथंच अंडी घालायची, म्हणून मासे धरून पोट भरणाऱ्या ढिवर बायका दर उन्हाळ्यात तिथली बेशरम मुळासकट उपटायच्या. तुटलेली फांदी पडल्या जागी रुजते, म्हणून काठावर नेऊन जाळायच्या.

दोन हजार तीन साली नकाशावाले साहेब आले. रुखमाबाईच्या मागं चिखल तुडवत त्यांनी हातातल्या यंत्रावर सगळी बेशरम टिपून घेतली आणि नेमक्या त्या कोपऱ्यात चार लाल खुंटे ठोकले. आतलं काही उपटायचं नाही, ती किती फोफावते ते दरवर्षी मोजायचं, असं त्यांनी बजावलं. ते तर आम्हाला नुसतं बघून कळतं, असं रुखमाबाई म्हणाली. बघणं वेगळं आणि शास्त्र वेगळं, असं साहेबांनी तिला मायेनं समजावलं.

दोन वर्षं बायकांनी शास्त्र पाळलं. बेशरमीनंही पाळलं. नकाशावरचा लाल डाग ऐसपैस झाला, गडचिरोलीच्या बैठकीत साहेबांचं कौतुक झालं, आणि इकडं पाणगवत गुदमरून गेलं. मरळीची पिल्लं दिसेनात. जागा आपणच दाखवली, या विचारानं रुखमाबाईला रडू यायचं.

तिसऱ्या उन्हाळ्यात ती खुंट्यांच्या आत उतरली, मागोमाग अकरा बायका. तीन दिवसांत कोपरा मोकळा झाला. खुंटे तेवढे जागच्या जागी राहू दिले, सरकारी वस्तू.

पावसाळा सरता साहेब मोजायला आले, तर मोजायलाच काही नाही.

"आमीच उपटली साहेब," रुखमाबाई म्हणाली. "मरळीले जागाच नाई राह्यली, तं का करणार?"

साहेबांचा चेहरा पडला. मोडलेलं निरीक्षण वर कोणत्या तोंडानं दाखवायचं? शेवटी त्यांनी अहवालात लिहिलं की खुंटे ठोकून, हात न लावता राखलेल्या जागेतून बेशरम तिसऱ्या वर्षी आपोआप नाहीशी झाली.

हिवाळ्यात पोंभुर्ण्याकडे दिलेली लेक, रंजीता, माहेरी आली. ढिवराच्याच घरात दिलेली, तिचंही पोट बोडीवरच. तिकडंही आता साहेब येऊन गेले होते, मरळीच्या कोपऱ्यात खुंटे ठोकून गेले होते, आणि तिच्या माहेरचं उदाहरण देऊन गेले होते.

"आमच्या बाया उपटाले निंगाल्या होत्या," रंजीता कौतुकानं म्हणाली. "मीच थांबवलं त्याईले. म्हटलं, माह्या मायनं तीन साल हात नाई लावला."