आधी किड्यांचं पोट

"आत पाऊल टाकलास तर तंगडं मोडून हातात देईन, रोशन! माझा ल्योक हैस म्हणून सोडणार न्हाई!"

ठकुबाई किड्यांच्या शेडच्या दारात खराटा घेऊन उभी होती आणि तिचा आवाज पार लेआउटच्या, म्हणजे विकायला पाडलेल्या प्लॉटांच्या, पांढऱ्या दगडांपर्यंत जात होता. बेंगळूरजवळच्या देवनहळ्ळीच्या त्या अंगाला आता पिकं कमी आणि दगडच जास्त उगवतात. मधे ठकुबाईचं आणि तिच्या नवऱ्याचं, कल्लाप्पाचं, दोन एकर तुतीचं रान तेवढं हिरवं राहिलंय. नवराबायको खानापूरकडनं इकडं आली, तांबड्या मातीत राबली, रेशमाचे किडे पाळायला शिकली. त्या किड्यांवरच हा रोशन लहानाचा मोठा झाला. आता तो बेंगळूरात व्हाइटफील्डला मिनीबस चालवतो. चालवू दे की, कोण नको म्हणालं? पण महिन्यापासून त्याच्या डोक्यात नवंच खूळ शिरलं होतं, शहरातल्या पोरींना गाडीत घालून शेत दाखवायला आणायचं.

"मी काल फोनवर काय सांगितलोतो? किडं शेवटच्या खाण्यावर हैत, चार दिवस कुणाला आणू नको म्हणून सांगितलो का न्हाई?"

"आई, बुकिंग झालतं. बारा पोरी हैत. त्यांच्या मॅडमला मी शब्द दिलोय."

"आणि आईचा शब्द? त्यो उकिरड्यावर टाकायचा व्हय रं मुडद्या?"

आता ठकुबाई एवढी का पेटली होती, ते सांगायला पाहिजे. रेशमाच्या किड्याची जात लई नाजूक. त्याला तंबाखूचा वास चालत नाही, अगरबत्ती चालत नाही, पावडर-अत्तर तर लांबच. दारातल्या चुन्याच्या पाण्यात पाय बुडवल्याशिवाय खुद्द कल्लाप्पासुद्धा आत जात नसे. बायकोनं लग्नापासून कानीकपाळी ओरडून जी बिडी सुटली नाही, ती या किड्यांपायी एका दिवसात सुटली. शेवटच्या आठवड्यात किडा बकासुरासारखा खातो. पोटभर खाल्लं की मग वर चढून कोष बांधतो. त्या आठवड्यात किड्यांनी खाल्ल्याशिवाय ठकुबाईच्या घरात कुणी घास तोंडात घालत नाही, हा नेम. त्यात औंदा बोअरचं पाणी उतरलेलं. ही बॅच उतरली की तुती वाळणार, मग पावसापर्यंत दुसरी बॅच नाही. म्हणजे जे काही होतं ते या बारा रॅकवर.

एवढ्यात मागनं गॉगल लावलेली बाई आली. "नमस्कार काकू! मी शाल्मली. आमच्या सोसायटीतल्या मुली आहेत या. यांना ना, मातीशी कनेक्ट व्हायचंय."

"व्हा की. माती भाईर पडलीया. शेडात माती न्हाई."

"पण सिल्कवर्म फीडिंग आपल्या प्रोग्रॅममध्ये आहे, साडेनऊ ते दहा."

"बाई, किडं घड्याळ घालत न्हाईत."

घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं, असं पुटपुटत ठकुबाई वळली. तेव्हा रोशननं आवाज खाली केला. "आत नको तर नको. निदान पाला तरी तोडू दे त्यास्नी. तुझंबी काम हलकं हुईल."

रविवार होता. मजुरीच्या बाया आल्या नव्हत्या. ऊन तापायच्या आत पाला तोडून व्हायला हवा, नाहीतर तो कोमेजतो. दोघं नवराबायको तोडून तोडून किती तोडणार? ठकुबाईला वाटलं, पाला तोडाय काय हुतंय? आणि ती "बरं" म्हणाली. तिथंच चुकली.

पोरी काही वाईट नव्हत्या. हसत-खिदळत तोडत होत्या, फोटो काढत होत्या, पण टोपल्या भरल्या. ठकुबाईनं पाला आत नेला, पहिल्या रॅकवर पसरला आणि दुसऱ्यासाठी ओंजळ भरली. रोज पाला पडला की किडे कचाकचा तुटून पडायचे. आज एकही तोंड लावेना. मग एका किड्यानं डोकं वर केलं आणि ते डोलवायला लागला. शेजारचा वळवळला. तिसऱ्यानं तोंडातनं हिरवं पाणी टाकलं.

"अवं! पाला घालू नका! टाका त्यो, भाईर टाका!" तिनं कल्लाप्पाला हाक मारली आणि हातातला पाला नाकाला लावला. लिंबासारखा गोडूस वास येत होता. तुतीला कधी लिंबाचा वास येतो?

ती बाहेर आली ती वाघिणीसारखी. "माझा अख्खा रॅक मराय लागलाय! हाताला काय लावलाय गं तुमी? खरं सांगा!"

पोरी एकमेकींचे हात हुंगायला लागल्या. त्यातली भव्या नावाची एक पुढं झाली. तिचे आजे-पणजे बेंगळूरचेच, घरात मराठी, पण कन्नड मिसळलेली. "अज्जी, आम्ही डासांचा स्प्रे मारलाय. हाताला, पायाला, सगळीकडे. उतरताना रोशनअण्णांनीच बाटल्या दिल्या. स्वल्प जास्तच मारला."

"पण काकू, तो नॅचरल आहे," शाल्मली म्हणाली. "लहान बाळांनाही चालतो!"

"त्यानं डास मरत्यात न्हवं? मग माझ्या किड्याला काय त्यो आरती ओवाळंल?"

ठकुबाई रोशनकडं वळली. शहरातल्या पोरींना काय ठावं? मॅडमलाही माफ. पण हा? हा या शेडच्या दारात रांगला होता. शेजारच्या रानात औषध मारायला लागले की हाच पोर पळत येऊन खिडक्यांना पोती बांधायचा.

"तुला ठावं हुतं," ती म्हणाली.

"मॅडमच्या यादीत हुतं आई. मला वाटलं, त्या आत कुठं जाणार हैत. आणि पाल्याचं डोक्यातच आलं न्हाई... एकच रॅक तर गेलाय. किडंच हैत गं."

खाडकन आवाज आला. बारा पोरींच्या देखत ठकुबाईनं तिशीच्या लेकाच्या कानाखाली वाजवली. "किडं? ह्या किड्यांनी तुला शाळा शिकवली, रं! तुला टायफाईड झालता तवा दवाखान्यातनं ह्यांनीच उठवून आणलं! लाज वाटाय पायजे, किडंच हैत म्हणायला!"

कल्लाप्पा दारात आला. "अकरा रॅक बरे हैत. पर उपाशी हैत."

तोडलेला सगळा पाला फेकावा लागला. ऊन वर यायला लागलं होतं. शाल्मली घड्याळ बघत म्हणाली, "सॉरी हं काकू, खरंच. आता मुलींचं जेवण उरकून आम्ही निघतो. भुकेल्यात त्या."

"जेवण?" ठकुबाई तरातरा चुलीपाशी गेली, नाचणीच्या मुद्द्यांच्या, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांच्या, आणि आमटीच्या पातेल्यांवर झाकणं घातली, त्यावर पाटा ठेवला. "आमच्यात किडं खाल्ल्याबिगर कोण खात न्हाई. पाला तुमी नासवलाय. पाला तुमीच आणायचा."

"मी यांच्या पालकांना काय सांगू?"

"सांगा, ठकुबाईनं राबवून घेतली म्हणून! जायचं असलं तर जावा. गाडीची चावी माझ्या लेकाकडं हाय आणि ल्योक आज कुठं जात न्हाई."

शाल्मलीनं तोंड उघडलं, पण भव्याच बोलली, "मॅडम, केलंय आपणच न?" आणि ती हौदाकडं चालायला लागली.

मग हौदावर रांग लागली. राखेनं कोपरापर्यंत हात घासायचे, तीनदा. ठकुबाई एकेकीचा हात नाकाला लावून बघत होती, वास आला की "परत!" शाल्मलीला दोनदा परत पाठवलं, बाह्यांना वास होता, म्हणून ठकुबाईचा जुना झंपर घालून ती तिसऱ्यांदा आली. तरी पाल्याला बोट लावायची मुभा कुणाला नव्हती. ठकुबाई-कल्लाप्पानं विळ्यानं फांद्या कापायच्या, पोरींनी खालचं लाकूड धरून दारापर्यंत न्यायच्या. तांबडा धुरळा उडत होता, वरनं विमानं जात होती. एकीच्या पायात काटा गेला. एक रडली. ठकुबाईनं कुणाला चुचकारलं नाही. रडणारीच्या हातात तिनं मोठी फांदी दिली.

दीड वाजता कल्लाप्पा बाहेर आला आणि घाम पुसत म्हणाला, "खायलेत."

तेव्हा कुठं पाटा उतरला. पोरी मुद्दे आमटीत बुडवून अशा जेवल्या, की पातेली घासायचं काम उरलं नाही. रोशन जेवला नाही. लांब बांधाला तो मेलेल्या किड्यांसाठी खड्डा खणत होता.

शाल्मली हात धुऊन आली. तोंड लालबुंद, अंगात झंपर. "काकू, खरं सांगू? इतका ऑथेंटिक दिवस आम्हाला कुठंच मिळाला नसता. पुढच्या रविवारी दुसरा ग्रुप आणू का? तीस मुली आहेत."

ठकुबाईचं टाळकंच सरकलं. एवढं होऊन बाईला कळलं काय, तर हे! शिवी अगदी जिभेवर आली.

"न्हाई," बांधावरनं आवाज आला. रोशन फावडं टेकून उभा होता. "पुढच्या रविवारी किडं कोष बांधत असणार. कुणी यायचं न्हाई, मॅडम. आई बोलवंल तवाच."

ठकुबाईनं त्याच्याकडं पाहिलं. गालावरची तिची बोटं अजून दिसत होती.

"तोंड काय चालवालास?" ती ओरडली. "खड्डा अजून हातभर खोल कर. कुत्री उकरतील."